आगगाडीच्या डब्याची प्रतिकृती

माधवनगरच्या विद्यार्थ्यांस आगगाडी नित्य परिचयाची आहे. तथापि सुट्या भागांच्या संचातून तिच्या डब्याची प्रतिकृती जोडावयाची असल्यास प्रथम प्रमाण समजून घेतले पाहिजे.

या छंदात १:८७ हे प्रमाण विशेष रूढ आहे. भाऊ जोशी यांनी उभारलेले व १९९८ साली पुण्यात खुले झालेले लघुरेल्वे-संग्रहालयही याच प्रमाणाचे होय. आपल्या आयसीएफ डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर. तीस ८७ ने भागिले असता प्रतिकृती २४५ मिलिमीटर लांब होते.

येथे एक अडचण येते. संचाबरोबरचे रूळ बहुधा १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. कारण ते परदेशांतील १४३५ मिलिमीटरांच्या मार्गावरून घेतलेले आहेत. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत १९.३ हवे. सबब आपला डबा त्या रुळांवर ठेविल्यास चाके आत ओढल्यासारखी दिसतात. उलट, १९२७ साली मिरजेस पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे अंतर ७६२ मिलिमीटर होते. ते भागिले असता ८.८ येते, आणि ९ मिलिमीटरांचे तयार रूळ मिळतात. तो मार्ग आज ब्रॉडगेज झाला आहे; परंतु आपल्या शेजारची ती चिमुकली गाडी प्रतिकृतीत अधिक खरी उतरते.

जोडणीपूर्वी भागांच्या कडा कानशीने घासाव्यात व गोंद न लावता ते एकदा जुळवून पाहावेत. रंग वाळल्यावरच खिडक्यांस काचा बसवाव्यात. चाकांतील अंतर मात्र शेवटपर्यंत मोजीत राहावे. ते चुकले की डबा पहिल्याच वळणावर रुळांवरून उतरतो.