बेवारस ठेवी, वारसांचा हक्क आणि नोटरीची मोहोर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपाने आजच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा-लोहारा भागात आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात हजारो माणसांचा बळी घेतला. कित्येक घरांतील दोन-दोन पिढ्या एकाच वेळी ढिगाऱ्याखाली गेल्या. त्यांच्याबरोबर पासबुके, ठेवपावत्या आणि जमिनीचे कागदही गेले. मयताची ठेव कोठे होती आणि तिच्यावर आपला हक्क कसा शाबीत करावयाचा, हा प्रश्न अशा वेळी मागे राहिलेल्या आप्तांपुढे उभा राहतो. एरवीही गाव सोडून गेलेल्या वा घरी न सांगता ठेव ठेवलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर हाच प्रश्न निर्माण होतो.

ठेव बुडत नाही

बँकेतील ज्या खात्यावर दहा वर्षे व्यवहार झालेला नाही, किंवा ज्या ठेवीची मुदत संपून दहा वर्षे लोटली आहेत, ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. हा निधी २०१४ मध्ये स्थापन झाला. रक्कम वर्ग झाली तरी ठेवीदाराचा वा त्याच्या वारसांचा हक्क संपत नाही. मागणी मात्र मूळ बँकेकडेच करावयाची असते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्‌गम’ या संकेतस्थळावर अनेक बँकांतील अशा ठेवींचा एकत्रित शोध घेता येतो. कंपन्यांचा सात वर्षे न उचललेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातो. तोही परत मागता येतो.

नोटरीचे कार्य

दाव्यासाठी प्रतिज्ञापत्र, क्षतिपूर्ती बंधपत्र आणि इतर वारसांची नाहरकत असे कागद मागितले जातात. त्यांपैकी काहींवर नोटरीची मोहोर आवश्यक असते. नोटरी अधिनियम, १९५२ अन्वये नेमलेला नोटरी शपथ देतो, दस्तऐवजाचे निष्पादन साक्षांकित करतो आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत केलेला अनुवाद पडताळून देतो. हे शेवटचे काम या जिल्ह्यात विशेष उपयोगाचे आहे; कारण १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि अनेक घरांतील जुने कागद उर्दूत आहेत.

तथापि एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. या माणसाने माझ्यासमक्ष शपथ घेतली व सही केली, एवढेच नोटरीची मोहोर सांगते. तो खरा वारस आहे, असे ती सांगत नाही. वारसा सिद्ध होतो तो मृत्यूचा दाखला, नात्याचे पुरावे आणि गरज पडल्यास भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ अन्वये दिवाणी न्यायालयाने दिलेले उत्तराधिकार प्रमाणपत्र यांवरून.

प्रत्येक दाव्यासाठी न्यायालयात जावे लागते असेही नाही. खात्यावर नामनिर्देशन असल्यास बँक त्या व्यक्तीस रक्कम देते. मात्र ती व्यक्ती केवळ विश्वस्त असते आणि वारसांचा हक्क कायम राहतो. नामनिर्देशन नसल्यास, मृत्युपत्र वा वाद नसताना, रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार सहकारी बँकांत ५ लाख आणि इतर बँकांत १५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी सोपी कार्यपद्धती ठरवून दिलेली आहे. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढणे अपेक्षित आहे.

आधी कोण, नंतर कोण?

एकाच आपत्तीत पिता व पुत्र दगावले आणि आधी कोण गेले हे कळत नसेल, तर वारस कोणाचे धरावयाचे? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २१ मध्ये याचे उत्तर आहे. विरुद्ध पुरावा नसल्यास वयाने लहान व्यक्ती मोठीच्या मागे जिवंत राहिली असे गृहीत धरले जाते. म्हणजे पित्याचा हिस्सा क्षणभर पुत्राकडे येतो आणि पुढे पुत्राच्या वारसांकडे जातो. म्हणूनच प्रतिज्ञापत्रात प्रत्येक मयताचे वय व मृत्यूची तारीख अचूक असली पाहिजे. एका चुकीने विधवा सुनेचा वाटा नाकारला जाऊ शकतो.

घ्यावयाची दक्षता

प्रथम बँकेकडून तिचा विहित नमुना व कागदांची यादी घ्यावी; मसुदा त्यानंतरच करावा. मयताचे नाव पासबुकावर एक व मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे असल्यास, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट नमूद करावे. मजकूर वाचून, निरक्षर व्यक्तीस वाचून दाखवून व समजावून, मगच नोटरीसमक्ष सही वा अंगठा करावा. घरून सही करून आणलेला किंवा कोरा कागद कोणाही मध्यस्थाच्या हाती देऊ नये. नोटरीचे प्रमाणपत्र पाच वर्षांच्या मुदतीचे व ठराविक क्षेत्रापुरते असते, याची खात्री करावी. आपली नोंद त्याच्या नोंदवहीत झाली आहे ना, हे पाहावे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. एखादा वारस लपवून खोटी शपथ घेणे हा दंडनीय अपराध आहे.

आपल्या ठेवींची यादी घरच्या माणसांना ठाऊक असणे आणि प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन असणे, हा या सर्व खटाटोपावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. जिवंतपणी भरलेला एक अर्ज मागे राहणाऱ्यांच्या कित्येक खेपा वाचवितो.