चित्रफीत-संपादनासाठी संगणकाची निवड

शाळेतील प्रयोग व हस्तव्यवसाय यांचे चित्रण करून त्यांवरून पाठ तयार करावयाचे असल्यास संपादनास योग्य संगणक लागतो. अनुदान मर्यादित असल्याने शिक्षकांनी खरेदीपूर्वी कामाचे माप घ्यावे.

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लक्ष बिंदू असतात. फोर-के चित्रात त्याच्या चौपट. वर्गात दाखवावयाच्या पाठास फुल एचडी पुरेसे होते. त्यामुळे खर्चही आटोक्यात राहतो. नंतर पुढील बाबी पाहाव्यात :

(१) रॅम : फुल एचडीसाठी १६ जीबी, फोर-केसाठी ३२ जीबी असावी.

(२) साठवण : चालू काम एसएसडीवर ठेवावे, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मंद पडते. सेकंदास १०० मेगाबिट दराने केलेले तासाभराचे चित्रण ४५ जीबी जागा व्यापते.

(३) प्रोसेसर : मोबाइलवरील चित्रण पुष्कळदा एच.२६५ पद्धतीने संकोचलेले असते. ते उलगडण्याची सोय प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात नसल्यास दृश्य अडखळते.

संगणक जुना असल्यास चित्रणाची हलकी प्रत, म्हणजे ‘प्रॉक्सी’, करून तिच्यावर काम करावे. अंतिम चित्रफीत मात्र मूळ चित्रणावरूनच काढावी.

दुसऱ्या डिस्कची रक्कम अंदाजपत्रकात प्रथमच धरावी. मुलांच्या कार्याचे चित्रण एकाच डिस्कवर असेल आणि ती बिघडली, तर ते पुन्हा मिळविता येत नाही.

प्रात्यक्षिक : एक मिनिटाचे चित्रण करून त्याने व्यापलेली जागा पाहावी व त्यावरून वर्षाची गरज काढावी.