हप्त्याच्या साखळीची तपासणी

कापसाची गाठ उत्तम निघावी म्हणून केवळ जिनिंगचे यंत्र चांगले असून भागत नाही. वेचणी, साठवण वा वाहतूक यांपैकी एका ठिकाणी कचरा मिसळला, तरी साऱ्या मालाची प्रत उतरते. संगणकाद्वारे मिळणाऱ्या सरकारी सेवांचेही तसेच आहे.

२४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, तीन समान हप्त्यांत मिळतात. हप्ता एक दिसतो. परंतु त्यामागे जमिनीची नोंद, आधार आणि बँक या निरनिराळ्या सेवा जोडलेल्या असतात. प्रत्येक सेवा आपल्या जागी चालू असूनही त्यांच्या जोडावर चूक राहू शकते. सातबाऱ्यावरील व आधारवरील नावाच्या अक्षरांत फरक पडला, की एकच शेतकरी यंत्रास दोन व्यक्ती भासतो.

तपासणी दोन अंगांनी करावी. पहिले अंग शुद्धतेचे: योग्य व्यक्तीस, योग्य खात्यात, पूर्ण रक्कम मिळाली काय? दुसरे गुणवत्तेचे: ती वेळेवर मिळाली काय? अमरावती व अकोला जिल्ह्यांत कपाशी, तूर व सोयाबीनची पेरणी मृगाच्या पावसावर होते. एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता पेरणीनंतर आला, तर रक्कम बरोबर असूनही ती बियाण्याच्या कामी येत नाही.

तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा:

१. योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून स्थिती पाहावी. जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि आधारशी खात्याची जोडणी या बाबी तेथे स्वतंत्रपणे दिसतात. जी बाब अपूर्ण असेल, तिचीच दुरुस्ती प्रथम करावी.

२. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. नवे खाते उघडताना ही जोडणी बदलल्यास शेतकरी जुने पासबुक पाहत राहतो व हप्ता बुडाला असे समजतो. यास्तव कोणते खाते जोडलेले आहे, याची बँकेत खात्री करावी.

३. एक कडी दुरुस्त झाल्यावर सर्व बाबी पुन्हा पाहाव्यात. पैसे खात्यात दिसेपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.

४. ग्रामकार्यकर्त्याने वहीत अडलेली कडी, अर्जाचा दिनांक व हप्ता जमा झाल्याचा दिनांक लिहावा.

एका शेतकऱ्याचा हप्ता अडला, तर दोष बहुधा त्याच्या कागदांत सापडतो. परंतु गावातील अनेकांचे काम एकाच कडीवर थांबले असेल, तर दोष सेवेत असण्याचा संभव अधिक. अशा वेळी प्रत्येकास निरनिराळे हेलपाटे घालावयास न लावता, वहीतील नोंदींसह एकत्रित यादी तालुक्याच्या कार्यालयास द्यावी.