दयाळ पक्षी : वर्गीकरण व प्रसार
(परिसर अभ्यास : इयत्ता ४ थी व ५ वी)

पाठाचा हेतू

पिंपरी-चिंचवड, देहू, आळंदी व चाकण या पट्ट्यातील गावांत काळापांढरा पक्षी मुलांच्या नित्य दृष्टीस पडतो. परंतु 'हा पक्षी कोणता?' असे विचारले असता चार निरनिराळ्या पक्ष्यांना एकच नाव मिळते. रंग हे ओळखीचे पहिले साधन खरे; पण वर्गीकरण केवळ रंगावर उभे राहत नाही. हे मुलांनी स्वतःच्या निरीक्षणाने जाणावे, एवढ्यासाठी प्रस्तुत पाठात दयाळ पक्षी घेतला आहे.

दयाळाची ओळख

दयाळ सुमारे बुलबुलाएवढा असतो. शेपटीसह त्याची लांबी साधारण १९ सेंटिमीटर भरते. नराचे डोके, छाती व पाठ निळसर झाक असलेली काळी कुळकुळीत असून पोट शुभ्र असते. पंखावर लांब पांढरा पट्टा व शेपटीच्या कडा पांढऱ्या असतात. ही शेपटी तो वारंवार उभी धरतो. मादीच्या अंगी नराच्या काळ्या रंगाच्या जागी करडा रंग असतो. त्यामुळे मुले मादीस वेगळा पक्षी समजण्याचा संभव आहे. जोडी एकत्र दिसेल तेव्हा ही गोष्ट अवश्य दाखवावी.

सारखे दिसणारे पक्षी

पुढील तीन पक्षी दयाळाशेजारी ठेवून शिकवावेत.

१. चीरक – नर काळा, खांद्यावर पांढरा डाग, शेपटीखाली तांबूस रंग. पोट पांढरे नसते. माळरानावर, दगडधोंड्यांत वावरतो.

२. कवडा गप्पीदास – चिमणीहून लहान. नर काळा, पंखावर व शेपटीच्या मुळाशी पांढरा. शेताच्या कुंपणावर किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसून खाली किडे टिपतो.

३. मोठा धोबी – वरून काळा, खालून पांढरा, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. पाण्याच्या काठी चालतो आणि शेपटी सतत खालीवर हलवितो.

आता मुलांना विचारावे : यांपैकी दयाळाचा जवळचा नातलग कोणता? रंगावरून बहुतेक मुले धोब्याकडे बोट दाखवतील, कारण दोघांचेही पोट पांढरे आहे. वस्तुतः धोबी निराळ्याच कुलातला आहे. गप्पीदास दयाळाच्या कुलातला, पण दुसऱ्या प्रजातीतला आहे. चीरकाला मात्र आजचे अभ्यासक दयाळाच्याच प्रजातीत घेतात. पाठाचा गाभा या एका प्रश्नात आहे.

वर्गीकरणातील स्थान

फलकावर पुढील क्रम लिहावा : संघ – रज्जुमान, वर्ग – पक्षी, गण – पॅसेरिफॉर्मिस (फांदीवर पकड घेऊन बसणारे पक्षी), कुल – मस्किकॅपिडी (माशीमार कुल), प्रजाती – कॉप्सिकस, जाती – सॉलॅरिस.

हे स्थान आरंभापासून निश्चित नव्हते. कार्ल लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली या पक्ष्यास शास्त्रीय नाव दिले, ते ग्रॅक्युला या मैनेच्या प्रजातीत घालून. १८२७ साली वाग्लर याने कॉप्सिकस ही स्वतंत्र प्रजाती मांडली. पुढे दीर्घकाळ दयाळाची गणना कस्तूर पक्ष्यांत होत होती, आणि शाळेच्या कपाटातील जुन्या पुस्तकांत तशीच नोंद सापडेल. अलीकडे आनुवंशिक द्रव्याची तुलना झाल्यावर तो माशीमार कुलात आला. पुस्तके परस्परांशी जुळत नाहीत म्हणून शिक्षकांनी गोंधळून जाऊ नये. पुरावा वाढला की मांडणी बदलते, हे सांगण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

नावाची हकीकतही मुलांना आवडेल. मद्रासहून एडवर्ड बल्कली या शल्यवैद्याने हा पक्षी इंग्लंडात पाठविला, तो त्याच्या हिंदी नावासह. ब्लाइथ या अभ्यासकाच्या मते त्या नावाचा अर्थ 'शंभर गाणी' असा असून 'सॉलॅरिस' हे त्याचेच लॅटिन रूप होय. 'दयाळ' या देशी नावाचे इंग्रजीत 'डायल' झाले आणि त्याचा संबंध उगाच सूर्यघडीशी जोडण्यात आला.

प्रसार

नकाशावर पुढील प्रदेश दाखवावेत : वायव्येकडील शुष्क भाग सोडून बहुतेक भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया व दक्षिण चीन. बांगलादेशाचा हा राष्ट्रीय पक्षी असून तेथे त्यास 'दोयेल' म्हणतात.

नकाशावरून दृष्टी आपल्या गावाकडे वळवावी. प्रसार म्हणजे सर्वत्र सारखे असणे नव्हे. उघड्या माळावर व कांद्याच्या शेतात दयाळ क्वचितच दिसेल. तेथे चीरक व गप्पीदास. पवना-इंद्रायणीच्या काठच्या खडकांवर धोबी. दयाळ आढळतो तो आमराईत, परसात, वाडीत, जुन्या झाडांच्या सावलीत. कारण जमिनीवर उतरून किडे टिपण्यास त्यास सावलीची जागा हवी आणि घरट्यास झाडाची ढोली किंवा भिंतीचे भोक हवे.

ढोलीचा प्रश्न

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. दयाळ माणसाच्या वस्तीस भीत नाही. बागा असलेल्या वसाहतींतही तो राहतो. परंतु रस्तारुंदीत जुना आंबा किंवा उंबर गेला की ढोली जाते, आणि मातीदगडाची भिंत जाऊन सिमेंटची आली की भोकही जाते. नवे रोप लावले तरी त्यास ढोली पडण्यास कित्येक वर्षे लागतात.

सेशेल्स बेटांवरील दयाळाच्या एका भाऊबंदाची गोष्ट येथे सांगावी. १९६० च्या दशकात त्या जातीचे पंधराहून कमी पक्षी एका बेटावर उरले होते. अधिवास सुधारून, कृत्रिम घरटी टांगून व इतर बेटांवर पक्षी नेऊन ती जात वाचविण्यात आली. आपला दयाळ तसा दुर्मिळ नाही. म्हणूनच त्याच्यासाठी करावयाचे काम आज सोपे आहे.

पाठ केव्हा व कसा घ्यावा

हिवाळ्यात दयाळ बहुधा गात नाही, म्हणून हा पाठ तेव्हा घेऊ नये. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते आणि त्याच सुमारास नर उंच टोकावर बसून पहाटेपासून गातो. चार-पाच मुलांचा एक गट करून प्रत्येक गटास एक जागा नेमून द्यावी. घरट्याजवळ जाण्यास व अंड्यांस हात लावण्यास सक्त मनाई करावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पक्षी पकडणे व पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, हेही सांगावे.

स्वाध्याय

१. दयाळ व धोबी यांतील तीन भेद लिहा.
२. चीरक रंगाने वेगळा असूनही दयाळाचा जवळचा नातलग का मानतात?
३. गावाचा नकाशा काढून त्यावर चारही पक्ष्यांच्या जागा दाखवा.
४. शाळेपासून घरापर्यंत ढोली असलेली झाडे किती, ते मोजा. ही यादी तारखेसह शाळेत जपून ठेवावी व पुढील वर्षीच्या वर्गाने पुन्हा मोजणी करावी.