पोटाची खिडकी

आपण खाल्लेल्या अन्नाचे पोटात काय होते, हे कोडे शेकडो वर्षे वैद्यांना पडले होते. जिवंत माणसाच्या जठरात डोकावणार कोण आणि कसे? परंतु १८२२ साली एका भीषण अपघातामुळे ती संधी अकल्पितपणे चालून आली.

अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर त्या काळी केसाळ कातड्यांची मोठी पेठ होती. ६ जून रोजी तेथे एका बंदुकीचा बार चुकून उडाला आणि तो अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराच्या डाव्या कुशीत शिरला. लष्करी डॉक्टर विल्यम ब्युमाँट धावून आले. तो वाचेल, अशी आशा त्यांना मुळीच नव्हती. तथापि, दीर्घ शुश्रूषेने तो वाचला. जठराला पडलेले छिद्र मात्र कायमचे राहिले. जणू त्याच्या पोटाला खिडकीच पडली!

या खिडकीतून ब्युमाँट यांनी अनेक वर्षे निरीक्षणे केली. मांसाचा किंवा पावाचा तुकडा रेशमी दोऱ्याला बांधून ते आत सोडीत आणि जठररसाने तो कसा विरघळतो हे पाहत. निरोगी जठराचे अस्तर फिकट गुलाबी व मखमलीसारखे मऊ असते, असे त्यांना आढळले.

१८३३ च्या उन्हाळ्यात मात्र त्यांना निराळेच दृश्य दिसले. सेंट मार्टिन आठ-दहा दिवस भरपूर मद्य पीत होता. त्याच्या जठराचे अस्तर लालभडक झाले होते आणि त्यावर ठिकठिकाणी व्रण उठले होते. आश्चर्य हे की, त्याची काहीच तक्रार नव्हती! पोट दुखत नव्हते, भूकही उत्तम होती. पुढे मद्य थांबले आणि हलका आहार सुरू झाला, तेव्हा काही दिवसांतच अस्तर पूर्ववत झाले.

मद्याचा उपद्रव जठरापुरताच नसतो. त्याचा बराचसा भाग लहान आतड्यातून रक्तात मिसळतो आणि यकृताकडे जातो. मद्याचे विघटन करण्याचे काम मुख्यतः यकृताचेच. वर्षानुवर्षे हा भार पडला, म्हणजे यकृतात चरबी साठते, दाह होतो आणि शेवटी ते घट्ट व निकामी होऊ लागते. स्वादुपिंडालाही सूज येते. मुख, अन्ननलिका, यकृत व मोठे आतडे यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

मुलांनो, ‘मी घेतो, पण मला काही होत नाही,’ असे अभिमानाने सांगणारी माणसे तुम्हांला पुढे भेटतील. ती खोटे बोलतात असे नव्हे; सेंट मार्टिनलाही तसेच वाटत होते. फरक इतकाच की, त्याच्या पोटाला खिडकी होती आणि आत पाहणारा एक डॉक्टर होता. आपल्या पोटाला खिडकी नाही. म्हणून न दिसणाऱ्या जखमेची जाणीव आपण विवेकानेच ठेविली पाहिजे.

स्वाध्याय
१. ब्युमाँट यांना जठराचे निरीक्षण करणे कशामुळे शक्य झाले?
२. ‘दुखत नाही, म्हणजे इजा नाही,’ हे म्हणणे चुकीचे का, ते पाठाच्या आधारे सांगा.
३. वाक्यात उपयोग करा : कोडे पडणे, संधी चालून येणे.