सावनेर तालुका : जमीन, पाऊस व वस्ती

शेतकऱ्यास आपल्या शेताची खडान्‌खडा माहिती असते; परंतु त्या शेतावरील पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें सबंध तालुक्याकडे पाहिल्यावांचून कळत नाहीं. म्हणून सावनेर तालुक्याचें स्वरूप येथें थोडक्यांत देत आहों.

स्थान व नद्या.— नागपूर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांपैकीं हा एक असून त्याच्या उत्तरेस मध्यप्रदेश लागतो. सावनेर गांव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, नागपुराहून सुमारें ३५ कि. मी. दूर, कोलार नदीच्या कांठीं आहे. कोलारचें पाणी कन्हानेस व कन्हानेचें वैनगंगेस मिळतें. काटोलाकडील जाम नदी मात्र वर्धेकडे जाते.

जमीन.— महसुली दप्तरांत या भागांतील जमिनीचे जुने भेद काळी, मोरंड, खरडी व बरडी असे आहेत. काळी व मोरंड ओल धरतात. खरडी उथळ असते. बरडी मुरमाड व उताराची असल्यामुळें तिच्यांत पाणी टिकत नाहीं. संत्र्यास निचरा लागतो. म्हणून पाणी सांचणाऱ्या भारी काळींत बाग लावल्यास मुळें कुजतात.

हवा व पाऊस.— नागपूर येथें २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश व २९ डिसेंबर २०१८ रोजीं ३.५ अंश सेल्सिअस उष्णतामान नोंदलें गेलें. पाऊस वर्षास सरासरी सुमारें १,१०० मि. मी. पडतो, म्हणजे तो कमी नव्हे. पण दहांपैकीं जवळजवळ नऊ हिस्से जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतात. एका एकरावर १ मि. मी. पाऊस म्हणजे सुमारें ४,०४७ लिटर पाणी. एका सरींत ५० मि. मी. पडल्यास एकरीं दोन लक्ष लिटर झालें! उताराच्या दिशेनें पेरणी केली असल्यास तें माती घेऊन नाल्यास जातें. उतारास आडवी पेरणी व बांध असल्यास त्यांतील बराच भाग मुरतो.

लोकवस्ती.— सन २०११ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती व तींत दोनतृतीयांशाहून अधिक लोक शहरांतील होते. या तालुक्यांत सावनेर व खापा हीं नगरपालिकेचीं गांवें. शिवाय सिल्लेवाडा, वलनी वगैरे ठिकाणच्या कोळशाच्या खाणी व खापरखेडा येथील वीजकेंद्र. खाणीची मजुरी रोजची व बारमाही, शेताची हंगामी; तेव्हां निंदणाच्या वेळीं माणूस न मिळाल्यास नवल नाहीं.

कर्तव्य.— फळबागांच्या हवामानावर आधारलेल्या विम्याची भरपाई महसूल मंडळासाठीं नेमलेल्या हवामानकेंद्राच्या नोंदीवरून ठरते, आपल्या बागेंतील पावसावरून नव्हे. मंडळाच्या ठिकाणीं सरी कोसळाव्या आणि दोन कोसांवर धूळ उडावी, असें महसुली नोकरींत आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. यास्तव प्रत्येक गांवीं एक पर्जन्यमापक असावा व रोज सकाळीं साडेआठ वाजतां वहींत आंकडा लिहावा. या वहीनें विम्याचा नियम बदलणार नाहीं. पण तक्रार करतांना हातीं कांहीं आधार राहील. तसेंच डिसेंबरांत अंबिया बहारासाठीं ताण देण्यापूर्वीं विहिरीचें पाणी मोजावें. तें मेअखेर पुरण्याजोगें नसेल तर तो बहार धरूं नये; एका पिकाच्या आशेनें झाडेंच गमावण्याची पाळी येते.