नवा दस्ता बसवला आणि काडतुसं अडकू लागली

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्या रुगर १०/२२ रायफलला दुसऱ्या कंपनीचा लाकडी दस्ता बसवला. तेव्हापासून काडतुसं मधेच अडकतात. मॅगझिन बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. दस्ता बदलल्यावरच त्रास सुरू झाला, म्हणजे आधी संशय दस्त्यावर. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करा. मग रायफल दस्त्यातून बाहेर काढा (ट्रिगरच्या पिना दस्त्यामुळेच जागेवर राहतात, त्या घरंगळतील, सांभाळा) आणि रिकामं मॅगझिन लावून पाहा. बाहेर ते नीट वर बसतं आणि दस्त्यात खाली राहतं, तर लाकूड आड येतंय. अशा वेळी काडतुसाचं टोक चेंबरच्या खालच्या कडेवर आदळतं. धातूच्या तळाला काजळ लावून रायफल दस्त्यात बसवा. काळा डाग उमटेल तेवढंच लाकूड पॉलिश पेपरनं हलकं घासा. स्क्रू जोरानं आवळून रायफल खाली बसवण्याचा मोह मात्र टाळा, त्यानं दस्ताच चिरतो.

मॅगझिन दोन्हीकडे सारखंच बसत असेल, तर ते स्वच्छ करा. आतली फिरकी मेण आणि काजळीनं जड होते.

आणि काडतुसं कोणती वापरता? १९६४ पासूनच्या या रायफलीचा बोल्ट काडतुसाच्याच धक्क्यानं मागे जातो. सबसॉनिक काडतुसांचा जोर त्याला अनेकदा पुरत नाही.